यमुनावन्सं आणि एकाहत्तर नंबरचं कार्ड

आमच्या यमुनावन्संना चाळिसाव्या वर्षी बबलगमचं वेड लागलं. निदान गल्लीत तरी असंच म्हणत. मी नळावर गेले की कुणीतरी विचारायचंच, "क्यों इंदूभाभी, आज किती खोकी फोडली तुमच्या नणंदेनं?" मी कळशी उचलायची आणि उत्तर न देता घरी यायची. उत्तर दिलं असतं तर ते लांबलं असतं, आणि माझी जीभ मला माहीत आहे. खरं तर वन्संना गम आवडायचंच नाही. त्यांच्या मते ते चघळणं म्हणजे जबड्याकडून फुकटात दुसरी पाळी करून घेणं. त्यांना हवं होतं ते गमच्या पुडीत निघणारं कार्ड, आणि तेही एकच, एकाहत्तर नंबरचं.

यमुनावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबर इंदूरच्या स्नेहलतागंजातच राहिल्या. उंच, काटक आणि पायाच्या अशा हलक्या की घरात कुठून कुठे गेल्या ते कळत नसे. तरुणपणी त्या खो-खो खेळायच्या. शाळेतला खो-खो नव्हे, मध्य प्रदेशच्या महिला संघातून. वीस वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. हरल्या, पण परत आल्या तेव्हा इंदूर स्टेशनवर हार घेऊन माणसं उभी होती. त्या खेळाच्या जोरावरच मिलमध्ये नोकरी मिळाली. फोल्डिंग खात्यात, कापडाच्या तपासणीवर. तागा डोळ्यांखालून सरकायचा, कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, तिथे त्या खडूची खूण करायच्या. मग घड्या, मग गठ्ठे. अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. अजूनही कुणी नवी साडी दाखवायला आणली की वन्सं ती आधी उजेडाकडे धरतात आणि आणणारीचं तोंड उतरतं.

मग मिल बंद पडली. आज पगार होईल, उद्या होईल असं करता करता एके दिवशी गेटाला सील लागलं. लोक म्हणायचे, देश खुला होतोय. असेल, पण आमच्या घरासमोरून सकाळी डबे घेऊन जाणारी माणसं दिसेनाशी झाली आणि भोंग्यावर घड्याळ लावायची सवय असलेल्या माझ्या सासूबाईंना वेळ विचारावी लागायला लागली. वन्सं घरी बसल्या. बसल्या म्हणजे शब्दशः बसल्या. ही बाई खिडकीत तासन्‌तास बसलेली बघून मला आतून तुटायचं आणि त्यामुळे मी त्यांच्यावरच चिडचिड करायची. माझी माया ही अशी आहे.

संक्रांतीच्या नंतर आमच्या ह्यांनी पेपरातून एक जाहिरात वाचून दाखवली. पलासियाला नवी इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिथे मुलींना मैदानी खेळ शिकवायला बाई हवी होती. राज्याकडून खेळल्याचा पुरावा आणायचा होता. मुलाखत फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी.

"अक्का, तुझ्यासाठीच छापलीये ही," हे म्हणाले.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. कित्येक महिन्यांनी मी त्यांना तसं झटकन उठताना पाहिलं. आणि लगेच खाली बसल्या. कारण सर्टिफिकेट त्यांच्याकडे नव्हतं. नोकरीला लागताना मूळ कागद मिलच्या लेबर ऑफिसात जमा केले होते. त्या काळी कुठली आली झेरॉक्स. ती फाइल सील लावलेल्या गेटाच्या आत होती. गेटावर दोनदा जाऊन आलो. चौकीदार भला होता, पण म्हणाला, "बाईजी, मेरे हाथ में ताला है, चाबी नहीं." संघ घेऊन जाणारे सर केव्हाच वारले होते आणि त्यांचे कागद कुठे गेले ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. घरात एक फोटोसुद्धा नव्हता. या बाईनं महाराष्ट्रापासून बंगालपर्यंतच्या मुली मैदानात पळवून दमवल्या, याला आता साक्षीदार कोण, तर मी, जिनं तो सामना बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वन्सं जनाबाईच्या दुकानात साबण आणायला गेल्या आणि साबण न घेता धावत आल्या. "इंदू, चल," एवढंच म्हणाल्या आणि माझा हात धरून ओढत घेऊन गेल्या. माझ्या हाताला कणीक तशीच.

जनाबाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. त्या दिवसांत दर महिन्याला तिथे कुठल्या तरी नव्या कंपनीची नव्या रंगाची पुडी लटकायची. या वेळी बबलगम होतं आणि वर भिंतीला पोस्टर: भारताचे खेळाडू, शंभर कार्डं, सगळी जमवा आणि बॅट मिळवा. खाली एक ते शंभर यादी. बहुतेक सगळे क्रिकेटवाले, मधूनच हॉकी, कुस्ती. वन्संनी बोट ठेवलं. एकाहत्तर: खो-खो, म. प्र. महिला टीम, राष्ट्रीय फायनल.

"आमची टीम एकदाच गेली फायनलला," वन्सं म्हणाल्या. "त्यात मी आहे. कार्डाच्या मागे नावं असतात, इंदू. मी बघितलं आत्ता, क्रिकेटच्या कार्डावर मागे नाव, गाव, सगळं छापलंय."

मी जनाबाईला विचारलं, एकाहत्तर आहे का. ती हसायलाच लागली. तिनं सांगितलं की नव्याण्णव कार्डं गल्लीतल्या अर्ध्या पोरांकडे आहेत, एकाहत्तर एकाकडेही नाही. कंपनीनं मुद्दाम कमी छापलंय, म्हणजे बॅटा फार वाटाव्या लागत नाहीत. "कोई उन औरतों के लिए नहीं ढूँढता, भाभी. बॅटसाठी शोधतात सगळे."

मला हे ऐकून असा राग आला की काय सांगू. पण राग येऊन उपयोग नव्हता, हातात तीन आठवडे होते, आणि तिथून आमच्या घरात दोन पक्ष पडले.

माझा पक्ष सरळ होता. खजूरी बाजारात फुटपाथवर रघुवीर नावाचा माणूस जुनी पुस्तकं, तिकिटं, नाणी आणि आता ही कार्डं विकायचा. मी त्याला जाऊन विचारलं. त्याच्याकडे एकाहत्तर होतं. मला दाखवलं नाही, डबीत बंद होतं, पण म्हणाला, साडेतीनशे. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांब. तो म्हणाला, "भाभीजी, महिनाअखेरच्या शनिवार सकाळपर्यंत रुकतो, मग बोलू नका." माझं म्हणणं, पै पै बाजूला टाकायची, पगार झाला की उरलेली भर घालायची आणि नेमकं हवं तेच विकत आणायचं. खोकी फोडत बसणं हा जुगार. गम खरेदी करून घर चालतं का.

वन्संचा पक्ष वेगळा होता. "तो मनुष्य शनिवारी नाही म्हणाला तर?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या डबीतल्या वस्तूवर मी बसून राहू? मी बसून बसून कंटाळले, इंदू."

मी भांडी आपटली.

पण वन्सं काही आंधळेपणानं खोकी फोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सियागंजातल्या घाऊक दुकानदाराकडून, अशोकभियाकडून, एक सीलबंद खोकं आणलं आणि ओसरीवर मांडून मला समजावलं. खोक्यात साठ पुड्या, बाराचे पाच थर. "हे बघ, हे काम करणारी माणसं आमच्यासारखीच. कुणी कार्डं पत्त्यांसारखी पिसत नाही, फुकटची मेहनत कोण करतो? ढिगातून उचलायचं, भरायचं. पण कमी छापलेलं कार्ड कामगाराच्या हातात देत नाहीत. ते मुकादम स्वतः आणतो, अगदी शेवटी टाकतो आणि समोर खोकं बंद करून घेतो. आमच्याकडे निर्यातीचा खास तागा असाच ठेवायचे, सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर. तपासायला आलेल्या साहेबाला अख्खा गठ्ठा सोडावा लागू नये म्हणून. म्हणजे एकाहत्तर असेल तर वरच्या थरात."

"आणि बाकीच्या पुड्या?"

"बाकीचे चार थर जनाबाई घेते. बोलणं झालंय."

म्हणजे वन्संनी बाराच पुड्यांचा खर्च करायचा आणि उरलेलं खोकं दुकानाला द्यायचं. मी तोंड वाकडं केलं, पण मनात म्हटलं, बाई हुशार आहे.

आणि मग पहिलं खोकं उघडलं. मी काही बघणार नव्हते. मी फक्त पोळ्यांचा तवा उतरवून दारात उभी राहिले. वन्संनी झाकणावरची छापील पट्टी नखानं सोडवली, गोड गुलाबी वास घरभर आला, आणि त्या एकेक पुडी उचलून कानाशी नेऊन फाडायला लागल्या, जणू आत कुणी बोलणार होतं. बॅट्समन. बॅट्समन. विकेटकीपर. कुस्तीगीर.  अकरावी पुडी फाडेपर्यंत मी कधी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले ते मला कळलं नाही. बारावी पुडी मीच फाडली. हॉकी.

"उद्या दुसरं," वन्सं म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते.

असं एक दिवसाआड चाललं. आमचे हे ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "निघालं?" सासूबाई जपमाळ हातात धरून खोक्याकडे बघत बसायच्या. पाचव्या खोक्याला पोस्टमन पत्र देऊन परत गेला नाही, बारावी पुडी होईपर्यंत उभा राहिला. घरात मिल बंद पडल्यापासून एवढी जान आली नव्हती. मी वरवर कुरकुर करायची आणि डब्यात माझे साडेतीनशे जमवत राहायची. दोन्हीकडून बंदोबस्त केलेला बरा.

आठ खोकी झाली. आठ वरचे थर, शहाण्णव पुड्या. एकाहत्तर नाही. शुक्रवारी वन्संनी खोकं आणलं नाही.

शनिवारी सकाळी मी डबा रिकामा करून पैसे पदराला बांधले आणि टेम्पोनं खजूरी बाजार गाठला. साडेदहा वाजले होते, रघुवीर नुकती चादर पसरत होता. मला बघितल्यावर त्यानं आधी मान खाली घातली, आणि मला कळलं.

"भाभीजी, कल शाम देपालपुर के एक सेठ आले होते. पोराला बॅट पाहिजे म्हणाले. पाचशे दिले."

"शनिवार सकाळपर्यंत थांबतो म्हणाला होतास ना?"

"बोला था," तो म्हणाला. त्याच्याकडे आणखी काही नव्हतं आणि माझ्याकडे होतं ते मी सगळं त्याला ऐकवलं. शेजारचा चष्मेवाला चादर गुंडाळून दूर सरकला.

परत येताना टेम्पोत मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, वन्संना कसं सांगायचं. सोमवारी मुलाखत. घरी आले तर वन्सं ओसरीवर, समोर जनाबाईकडून आणलेलं एक रिकामं खोकं. चुलीला सरपण म्हणून त्या ते फाडत होत्या आणि मधेच थांबल्या होत्या. हाताची बोटं खोक्याच्या तळावर.

"वन्सं, गेलं कार्ड. देपालपूरच्या माणसानं नेलं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "इंदू, इकडे ये. हे झाकण बघ. हा डिंक कसा सरळ, मशीनचा आहे. आता हा तळ बघ."

तळाला तपकिरी कागदाची पट्टी होती, तिरकी, हातानं चिकटवलेली, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसासुद्धा होता.

"झाकण आधीच बंद होऊन येतं," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "ते टेबलावर उलटं ठेवतात. भरतात तळाकडून. आणि शेवटी तळ बंद करतात. आमचा गठ्ठा वर बंद व्हायचा म्हणून मी समजले की जगातला प्रत्येक गठ्ठा वरच बंद होतो. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर खडू मारला, आणि हे मला दिसलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटचा थर खालचा. मी आठही खोक्यांचा खालचा थर जनाबाईला देऊन आले."

 मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शनिवार, शाळा साडेअकराला सुटणार आणि सुटली की पहिली धाड जनाबाईच्या दुकानावर. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

मी आयुष्यात वन्संच्या मागे धावले ती तेव्हाच. बरोबरीनं धावणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी मागून विचारलं, "अगं काय पेटलं?" मी एका पायात चप्पल घालून निघाले. नाक्यावर पोचले तेव्हा वन्सं दुकानाच्या फळीला टेकून उभ्या होत्या, श्वाससुद्धा वाढलेला नाही.

"आठपैकी किती राहिली, जनाबाई?"

"दो. एक नवं, एक चालू आहे. क्यों?"

"सहा संपली?"

"केव्हाच. पण एकाहत्तर निघालं असतं तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं, यमुनाताई. वो बात छुपती है क्या."

शाळेची घंटा ऐकू आली. मी पदराची गाठ सोडायला लागले, ती सुटेना, मी दातांनी सोडवली. साडेतीनशे रुपये फळीवर ठेवले. "दोन्ही खोकी. किती होतात ते घे."

जनाबाईनं पैशाला हात लावला नाही. "और बच्चे? रोज येतात माझ्याकडे. त्यांना काय सांगू?"

तोवर पोरं आलीच, पंधरा-वीस तरी, दप्तरं पाठीवर. वन्सं त्यांच्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गम सगळं तुमचं, फुकट. क्रिकेटची कार्डं पण तुमची. तळाच्या पुड्या फक्त मी उघडणार. चालेल?" असा सौदा कोण सोडतो. पोरं फळीभोवती गोळा झाली, त्यांच्यामागे पानवाला, त्याच्यामागे दोन रिक्षावाले.

चालू खोकं आधी. वरचं उरलंसुरलं काढून पोरांना दिलं आणि तळाच्या बारा पुड्या फळीवर ओळीत मांडल्या. पहिली, दुसरी, तिसरी. पोरं नंबर मोठ्यानं वाचायची. चौदा. बावन्न. आठ. बारावीला छत्तीस. 

मग नवं खोकं. वन्संनी ते उलटं केलं, तिरकी पट्टी अंगठ्यानं चाचपली आणि तळ उघडला. बारा पुड्या सरळ समोर. मी जनाबाईचा हात धरला, जिच्याशी माझं गेल्या दिवाळीपासून कामापुरतंच बोलणं होतं. सव्वीस. एकोणनव्वद. पाच. पाच परत. चाळीस. रिक्षावाला म्हणाला, "भिया, आता आलंच पाहिजे." सहावी अठरा, सातवी त्रेसष्ट. आठवी पुडी वन्संनी फाडली, कार्ड अर्धं बाहेर काढलं आणि तिथेच थांबल्या.

पुढच्या पोरानं वाचलं, "इकहत्तर."

त्यानंतर त्या नाक्यावर जो गोंधळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही. पोरं नाचत होती, पानवाल्यानं कुणाला तरी फुकट पान दिलं, जनाबाई रडत होती, का ते तिलाही माहीत नसावं. वन्संनी ते कार्ड पूर्ण बाहेर न काढता माझ्या हातात दिलं. "तू बघ आधी," म्हणाल्या.

मी पाहिलं. मैदान, दोन खांब, मधल्या पट्टीवर आठ जणी बसलेल्या, एक धावणारी, धुरकट झालेली. मी चेहरे शोधायला लागले. चार चेहरे होते. एकही यमुनावन्संचा नव्हता.

"वन्सं, तुम्ही कुठे आहात?"

त्यांनी कार्ड घेतलं आणि लगेच बोट ठेवलं. "ही. पाचवी."

पाचवीची पाठ होती. खो-खोत बसलेल्या मुली एक इकडे तोंड, एक तिकडे तोंड अशा बसतात, हे मी शाळेत शिकले होते, पण माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की फोटो एकाच बाजूनं निघतो. चार जणींचे चेहरे आले, चार जणींच्या पाठी. मी कार्ड उलटं केलं. मागे नावं नव्हती. लिहिलं होतं, खो-खो भारत का पुराना खेल है, इसमें नौ खिलाड़ी मैदान में उतरते हैं. आणि खाली बॅटच्या योजनेचे नियम.

मला रडू कोसळलं, रागानं. क्रिकेटवाल्यांच्या मामाच्या गावापर्यंत छापतील, आणि नऊ बायकांची नऊ नावं यांना जड झाली. वन्सं मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कार्डावरच्या एकेकीवर बोट ठेवून तिचं नाव सांगत होत्या, कुठल्या गावची, कशी पळायची, आणि पोरं ऐकत होती. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं आणि त्यामुळे मला आणखीच रडू आलं.

रविवारी रघुवीर स्वतः घरी आला, बातमी तिथवर गेली होती. सहाशे म्हणाला. मी क्षणभर वन्संकडे पाहिलं, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, "माझ्या आठ मैत्रिणी आहेत त्यात. त्यांना विचारून सांगते." रघुवीर चहा पिऊन गेला.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर पलासियाला गेले. बाहेर बाकावर ट्रॅकसूट घातलेली एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर जाडजूड फाइल, प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक सर्टिफिकेट. आमच्याकडे एक कार्ड, तेही गमचा वास येणारं. शशिकला मॅडम म्हणजे शाळेच्या प्रिन्सिपॉल, पन्नाशीच्या, बोलायला चांगल्या. त्यांनी मलाही आत बसू दिलं. वन्संनी मिल, फाइल, सील सगळं सांगितलं आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

मॅडमनी चष्मा वर केला. "इसमें आप कौन सी?"

"पाचवी. पाठ आहे ती."

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत. "यमुनाजी, मला तुमचं पटतं हो. पण मॅनेजमेंटला मी काय दाखवू? पाठ कुणाचीही असू शकते. आणि माफ करा, चाळीस वर्षं, साडी. मुलींबरोबर पळायला लागेल."

 मला वाटलं आता उठतील, नमस्कार करतील आणि आम्ही टेम्पोनं परत जाऊ, आणि उद्यापासून त्या पुन्हा त्या खिडकीत बसतील. पण त्यांनी साडीचा काठ वर खोचला, चपला काढल्या, टेबलासमोरच्या मोकळ्या फरशीवर गेल्या आणि मॅडमकडे पाठ करून बसल्या. दोन्ही चवड्यांवर, एक पाय मागे, बोटांची टोकं जमिनीला, मान किंचित कडेला.  मॅडमनी कार्ड उचललं, एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा त्या पाठीकडे. पण त्या अजून विचारच करत होत्या. बाहेर बाकावरची मुलगी खोकली.

माझा संताप आता मस्तकात गेला होता. या बाईनं तीन आठवडे काय केलं ते मी पाहिलं होतं. मी खुर्चीवरून उठले, वन्संच्या मागे गेले आणि त्यांच्या पाठीवर तळहात मारून खच्चून ओरडले, "खो."

त्या नव्हत्याच तिथे. माझा हात हवेत. दाराचा पडदा एका कडेनं तुटून लोंबला, व्हरांड्यातल्या मुली भिंतीला चिकटल्या, पायऱ्यांवर पावलं वाजलीसुद्धा नाहीत. मॅडम आणि मी एकदमच खिडकीशी गेलो. यमुनावन्सं मैदानात धावत होत्या, सरळ रेषेत, पलीकडच्या टोकाच्या झेंड्याच्या खांबाकडे, आमच्याकडे पाठ करून. खो-खोत एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जावंच लागतं, मधे वळता येत नाही. मॅडमनी हातातलं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्या वरून मैदानाकडे पाहिलं.

"याच आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात वन्संनी खांबाला हात लावला, वळसा घातला, आणि आमच्याकडे तोंड करून परत धावायला लागल्या.